नाताळच्या चांदणीची कृती मराठीत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नाताळच्या तयारीवर पानभर मजकूर होता. झाड कुठे मिळतं, दिव्यांच्या माळा कितीला पडतात, चकचकीत गोळे कुठल्या बाजारात स्वस्त, सगळं होतं. घरी हातानं करायचं म्हणून एकच गोष्ट होती, ती केक. वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसले.

मी वसई तालुक्यातल्या नंदाखाल परिसरात राहते. वय ६८. मराठी शाळेत ३१ वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. आमच्या घरातलं नाताळचं झाड साठेक वर्षं क्रोशाच्या चांदण्यांनी सजत आलंय. माझी आपल्याला एकच विनंती आहे. नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार येतात. त्या चार रविवारी झाडावरच्या दागिन्याचा एकेक क्रोशाचा नमुना छापा, आणि तो साखळी, खांब, मुका खांब अशा आपल्या शब्दांत छापा. इंग्रजी टाक्यांची नावं देवनागरीत लिहून नको. कारण सांगते.

माझी नात पुण्याला शिकते. मागच्या वर्षी तिनं हौसेनं सुई-दोरा घेतला आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून टाके शिकली. मला आनंदच झाला. माझ्या आतेबहिणीनं इंग्लंडहून एक छापील कृती पाठवली होती, ती पोरीनं करायला घेतली. सुरुवात ‘सहा डबल’ने होती. तिनं सहा घातले, पुढच्या फेरीत सांगितल्याप्रमाणे वाढवले, पण चांदणीचा मधला भाग सपाट बसेचना. वर उचलून वाटी व्हायची. तीन वेळा उसवलं. रात्री फोन आला, “आजी, मला नाही जमत हे, माझा हातच चांगला नाहीये.”

तिच्या हातात काही खोट नव्हती. व्हिडिओ अमेरिकन होता आणि कृती इंग्लंडची. अमेरिकेत ‘डबल’ म्हणतात तो उंच टाका, म्हणजे आपला खांब. इंग्लंडमध्ये त्याच नावाचा टाका ठेंगणा असतो, म्हणजे आपला मुका खांब. शब्द एक, टाके दोन. ठेंगण्या टाक्यांचं सपाट वर्तुळ हवं असेल तर दर फेरीला सहा टाके वाढतात, खांबांचं हवं असेल तर बारा. उंच खांब घालायचे आणि संख्या मात्र सहाचीच धरायची, तर काठाला दोरा पुरत नाही आणि वाटी होणारच. उलट ठेंगणे टाके बाराबारा घातले तर काठाला झालर पडते. मी तिला फोनवर एवढंच म्हटलं, “बाळा, तिथे मुका खांब घाल.” पण मुका खांब म्हणजे काय, हेच तिला माहीत नव्हतं. साखळी अंदाजानं कळली, खांब कळला नाही. ती पोर माझ्याशी मराठीत बोलते, दहावीपर्यंत मराठी शिकली, आणि आजीच्या हातातल्या कामाचा एकही शब्द तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तो दोष माझा आहे, मी शिकवलंच नाही. पण ज्या मुलींना आजी नाही, त्यांना हे शब्द कुठे भेटायचे? पूर्वी स्त्रियांच्या मराठी मासिकांत विणकामाचे नमुने येत. एकीनं विकत घेतलेला अंक गल्लीतल्या सगळ्या बायका उतरवून घेत. हल्ली तसं काही छापलेलं माझ्या पाहण्यात येत नाही.

माझी आय (आम्ही आईला आय म्हणतो) शाळेत गेली नव्हती. भाजी आणि केळी घेऊन पहाटेच्या गाडीनं मुंबईला जायची. येताना कधीमधी दादरहून पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा आणायची, २० नंबरचा. क्रोशा ती सिस्टरांच्या शिवणवर्गात शिकली. लिहिता येत नसल्यामुळे तिची वही म्हणजे एक कापडी पट्टी होती. शिकलेला प्रत्येक नमुना बोटभर विणून त्या पट्टीवर टाचून ठेवलेला. विसरलं की पट्टी उघडायची, भिंग न लावता टाके मोजायची आणि सुई चालू. चर्चमधल्या वेदीच्या कापडाला तिनं केलेली झालर कितीतरी वर्षं होती. पुढे मी त्या पट्टीवरचे सगळे नमुने शाळेच्या चौकड्यांच्या वहीत उतरवले. ‘३ सा, ११ खां, जोड’, असं.

झाडावर क्रोशा कसा आला, त्यालाही कारण आहे. आमच्याकडे तेव्हा विकतचं झाड नसे. वसईच्या किनाऱ्याला सुरूची बनं आहेत, वाऱ्यानं मोडून पडलेली एखादी फांदी बाबा आणायचे आणि वाळूच्या डब्यात रोवायचे. सुरूच्या काड्या फार बारीक. एका वर्षी मामांनी मुंबईहून काचेचे सहा गोळे आणले. टांगले तशी फांदी खाली वाकली, रात्रीत दोन गोळे घसरून फुटले आणि सकाळी मीच त्यावर पाय दिला. त्यानंतर आयनं काचेचं नाव काढू दिलं नाही. क्रोशाची चांदणी एक रुपयाच्या नाण्याहूनही हलकी असते. सुरूच्या टोकाच्या काडीलाही ती पेलते, वारा आला की गिरक्या घेते आणि पडली तर फुटत नाही. आपल्या झाडाला शोभणारा दागिना हाच, असं मला मनापासून वाटतं. आता घरी प्लास्टिकचं झाड आहे, पण चांदण्या त्याच आहेत. त्यातल्या अकरा आयच्या हातच्या.

नमुना छापायचा म्हणजे कसा, ते कळावं म्हणून आयच्या चांदणीची कृती इथेच देते.

दोरा २० नंबर, सुई सव्वा मिलिमीटरची. ६ साखळ्या घालून पहिल्या साखळीत जोडा, कडी होईल. पहिल्या फेरीत ३ साखळ्या वर चढा (हा पहिला खांब धरायचा) आणि कडीत ११ खांब घाला. एकूण बारा झाले, जोडा. दुसऱ्या फेरीत १ साखळी चढून त्याच जागी एक मुका खांब, मग ५ साखळ्या, एक खांब सोडून पुढच्या खांबावर मुका खांब. असं फिरत या, सहा कमानी होतील. शेवटच्या ५ साखळ्या पहिल्या मुक्या खांबाला जोडा आणि सुई पहिल्या कमानीत सरकवून घ्या. तिसऱ्या फेरीत प्रत्येक कमानीत मुका खांब, अर्धा खांब (उंचीनं मुका खांब आणि खांब यांच्या मधला), खांब, मग ४ साखळ्या घालून त्यातल्या पहिल्या साखळीत जोडायच्या म्हणजे टोक तयार होतं, आणि पुन्हा खांब, अर्धा खांब, मुका खांब. सहा कमानी झाल्या की जोडून दोरा कापा, शेपूट मागच्या टाक्यांत ओवून टाका. दीडेक इंचाची चांदणी होते. सरावाच्या हाताला अर्धा तास लागतो, शिकणारीला एक संध्याकाळ.

सुईवरून उतरलेली चांदणी चुरगळलेली असते. ती पाहून नवशिक्या मुली हिरमुसतात. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की अजून अर्धं काम बाकी आहे. कागदावर कंपासनं वर्तुळ काढा. कंपासमधलं अंतर न बदलता त्याच वर्तुळावर खुणा करत गेलात तर बरोबर सहा खुणा बसतात. (वर्गात हे दाखवायला मी दरवर्षी डिसेंबरात चांदणीच नेत असे. बर्फाच्या स्फटिकालाही सहाच हात असतात, कारण पाण्याचे कण गोठताना षटकोनात बसतात, हेही त्याच तासाला सांगून व्हायचं.) तो कागद थर्मोकोलवर ठेवा, वर प्लास्टिकचा कागद. चांदणी खळीत भिजवून, पिळून, मधोमध एक टाचणी आणि सहा टोकांना सहा टाचण्या लावून ताणा. टाचण्या न गंजणाऱ्याच घ्या. साध्या टाचणीचा तांबूस डाग ओल्या सुतावर बसला की निघत नाही, माझ्या आठ चांदण्या अशा गेल्या.

खळीचंही सांगते. आय भाताची दाट पेज वापरायची. कडक छान व्हायची, पण पुढच्या नाताळपर्यंत पिवळी पडे आणि झुरळं कुरतडत. मग मी साखरेचं पाणी करून पाहिलं, समभाग साखर आणि पाणी, विरघळेपर्यंत गरम केलेलं. ते फारच देखणं होतं, काचेसारखं चमकतं. पण मुंग्यांची रांग झाडाच्या शेंड्यापर्यंत गेली. आता पांढरा डिंक आणि पाणी निम्मं-निम्मं घेते. लाल दोऱ्याची चांदणी मात्र पांढऱ्यांबरोबर भिजवू नये, रंग सुटतो. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की सगळ्या उतरवून बिस्किटांच्या डब्यात लवंगा टाकून ठेवते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, दहा रुपयांना मशीनची मिळते. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आधीच्या एका जत्रेत मी टेबल लावलं होतं, तिथे एका बाईंनी नेमकं हेच म्हटलं. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, तेच इथे लिहिते. क्रोशा मशीनवर होत नाही. सुईच्या एका आकड्यावर एका वेळी एकच फास पूर्ण करायचा आणि पुढचा टाका वाटेल तिथे, वाटेल त्या दिशेला रोवायचा, हे बाजाराचा माल काढणाऱ्या मशीनला अजून साधलेलं नाही. बाजारात क्रोशाच्या नावानं दिसतं ते बहुतेक मशीनवर विणलेल्या जाळीचं असतं, किंवा विरघळणाऱ्या कापडावर मशीननं भरतकाम करून मागचं कापड विरघळवून टाकलेलं असतं. नीट पाहिलं तर खांब मोजताच येत नाहीत. म्हणजे जिथे कुठे खरा क्रोशा दिसेल, मग तो परदेशी दुकानातला का असेना, तिथे कोणीतरी बसून एकेक टाका घातलेला आहे. आणि बहुतेकदा ती बाईच असते.

या सुईनं घरं जगवली आहेत. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या उर्सुलाइन मठातल्या सिस्टरांनी मुलींना क्रोशाचं काम शिकवलं आणि त्या लेसच्या विक्रीवर कुटुंबं तगली. आपल्याकडे आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आहेत. त्यांच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या कामाचे शब्द तेलुगूत असतील आणि ते त्यांच्या मुलींना येत असतील. आपल्या मुलींना आपले यावेत, एवढीच इच्छा.

आपण जागा देणार असाल तर नमुने मी लिहून पाठवीन, मानधन नको. पहिल्या रविवारी वरची चांदणी, दुसऱ्या रविवारी घंटा (ती औषधाच्या मापाच्या टोपणावर प्लास्टिक गुंडाळून सुकवतात, आकार सुरेख येतो), तिसऱ्या रविवारी देवदूत. चौथ्यासाठी माझ्या मनात छोटा पायमोजा आहे, पण तो टाक्यांच्या चित्राशिवाय कळणार नाही. आपल्याकडे चित्रकार असतील. साखळीला लंबगोल, जोडाला टिंब, मुक्या खांबाला फुली, अर्ध्या खांबाला इंग्रजी टीसारखी काठी आणि खांबाला त्याच काठीवर एक रेघ, एवढ्या पाच खुणांत पहिल्या तीन आठवड्यांचं भागेल. आणि हे केवळ नाताळ पाळणाऱ्यांसाठी नाही. आमच्या शेजारच्या वहिनी हीच चांदणी पिवळ्या दोऱ्यात करून दिवाळीच्या आकाशकंदिलाला लावतात.

नात येत्या २० तारखेला सुट्टीवर येते आहे. तिच्यासाठी सुई आणि गुंडा काढून ठेवलाय, वहीसुद्धा.

सोबत पाकिटात एक चांदणी ठेवली आहे. टपालात दबेल म्हणून खळ लावलेली नाही. छापण्याआधी कृती तपासायची असेल तर पहिल्या फेरीचे खांब मोजून पाहा, बारा भरतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई