बंड्या, मशीन भंगारात देऊ नकोस

विश्रामबाग, सांगली

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

काल वहिनींचा फोन आला होता. साताऱ्याला आल्यापासून वॉशिंग मशीनने उच्छाद मांडलाय, कपडे पिळायला लागलं की सज्ज्यात थयथयाट करत पुढे सरकतं, खालच्या बिऱ्हाडातून तक्रार आलीय. बघायला आलेला माणूस मागचा पत्रा न खोलताच "जुनं झालंय, देऊन टाका" असं सांगून गेला, आणि तू भंगारवाल्याशी भाव करतोयस, हेही त्या बोलल्या. तेवढं थांबव. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

पुण्यात इतकी वर्षं शांतपणे चाललेलं मशीन शाहूपुरीत आल्या आल्या बिघडतं, तेव्हा ते म्हातारं झालेलं नसतं. वाटेत त्याला काहीतरी झालेलं असतं, नाहीतर नवी जागा त्याला मानवत नसते. या दोन गोष्टी बघितल्याशिवाय कुणी मशीन टाकून द्यायला सांगत असेल तर त्याचं ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वाटेचं सांगतो. तुझं फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेलं मशीन आहे. ड्रम ज्या प्लॅस्टिकच्या टाकीत फिरतो, ती टाकी आत अधांतरी असते: वरून स्प्रिंगांना टांगलेली, खालून हादरे जिरवणाऱ्या दांड्यांवर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरवर तोललेली, आणि फार उसळू नये म्हणून तिला सिमेंटचे जड ठोकळे बोल्टने आवळलेले. कारखान्यातून निघताना ही टाकी मागच्या बाजूने लांब बोल्ट घालून जखडून ठेवतात. घरी बसवायला आलेला माणूस ते बोल्ट काढतो आणि भोकांना बुचं लावतो. घर बदलताना तेच बोल्ट परत घालायचे असतात, पण बहुतेक घरांत ते पहिल्याच दिवाळीच्या आवराआवरीत गेलेले असतात. तुझेही गेले असतील, तर अख्खा खंबाटकी घाट ती टाकी टेम्पोत मोकळी आपटत आली. त्यात एखादी स्प्रिंग आकड्यातून निसटते, ठोकळ्याचा बोल्ट ढिला होतो, शॉक ॲब्सॉर्बरची पिन सुटते. यातल्या एकाही गोष्टीसाठी मशीन टाकावं लागत नाही.

उलटही झालेलं असू शकतं. वहिनी वस्तू जपून ठेवणाऱ्या आहेत. त्यांनी बोल्ट काढून दिले, सामान हलवणाऱ्यांनी ते घातले, आणि साताऱ्यात कुणी काढलेच नाहीत, असं असेल तर टाकी जखडलेली राहते आणि ड्रमचा सगळा हिसका थेट पत्र्यावर आणि फरशीवर येतो. अगदी वहिनी सांगत होत्या तसंच मशीन नाचतं. म्हणून सगळ्यात आधी मशीन भिंतीपासून ओढ आणि मागे बघ.

आता जागा. आपल्याकडे धुण्याच्या सज्ज्याला पाणी जायच्या जाळीकडे उतार देतात. तो पाण्यासाठी बरोबर, मशीनसाठी त्रासाचा. बंद मशीनच्या वरच्या दोन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तळहात ठेवून आलटून पालटून दाब. डुगडुगलं तर चौथा पाय टेकलेला नाही. पाय फिरवून खालीवर होतात. गवंड्याची पाणसळ मिळाली तर ती वर आडवी-उभी ठेव, नाहीतर मोबाइलवरही काम भागतं. समतल झालं की प्रत्येक पायावरचा चेकनट, म्हणजे पाय जागेवर धरून ठेवणारा नट, वर मशीनच्या तळाला घट्ट आवळ. हा नट सैल राहिला तर पाय हादऱ्यांनी आपोआप फिरत राहतो आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. आणि मशीन चाकांच्या ट्रॉलीवर ठेवलं असेल तर ती आजच काढ. ती झाडायला सोयीची असते, पण इतक्या हादऱ्यांना टिकेल असा पाया तिच्यात नसतो.

हादरा किती मोठा असतो ते एकदा आकड्यात मांडतो, म्हणजे पायांचं मी एवढं का सांगतोय ते कळेल. ड्रमची त्रिज्या साधारण २४ सेंटिमीटर धर. मिनिटाला १००० फेऱ्यांवर एका बाजूला अर्धा किलो ओझं जास्त राहिलं, तर ते ड्रमला सुमारे १३० किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला १६-१७ वेळा गोल फिरते. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून पिळण्याचा वेग १२०० वरून ८०० वर आणलास की तो निम्म्याहूनही कमी होतो. दुरुस्ती होईपर्यंत तेवढं कर, खालच्या लोकांनाही झोप लागेल.

तू म्हणशील, मग सगळ्यात जास्त धडधड मधल्याच वेगाला का होते? कारण स्प्रिंगांवर टांगलेल्या टाकीची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत गेलं तरी तो उंच जातो, तसं ड्रमचा वेग त्या लयीशी जुळला की टाकी जोरात हेलकावते. तो टप्पा ओलांडला की शांत होते. तो टप्पा सांभाळून पार करून देणं हेच शॉक ॲब्सॉर्बरचं काम. ते थकले की टाकी तिथेच पत्र्यावर ठाण ठाण आपटायला लागते.

ते तपासायला काही खोलावं लागत नाही. प्लग काढ, दार उघड, ड्रमच्या कडेला धरून टाकी खाली दाब आणि सोड. वर येऊन जागेवर थांबली तर ठीक. डुलत राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर गेले. त्यांच्यात तेल घालायच्या फंदात कुणालाही पडू देऊ नकोस. ते घर्षणावर चालतात, तेल पडलं की उरलंसुरलं कामही थांबतं. आणि बदलताना सगळे एकदम बदल.

त्यानंतर ड्रमची वरची कड धरून ड्रम वर उचलून बघ. टाकी ड्रमबरोबर हलली तर काळजी नाही. टाकी जागेवर आणि ड्रमच एकटा खालीवर होत असेल तर बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्या गोळ्यांच्या कड्यात फिरतो ते, गेलंय. हाताने ड्रम फिरवून कान लाव, आत खरखर ऐकू येईल. पिळताना वेगाबरोबर चढत जाणारी घरघर असते ती याचीच. पाणी अडवणारं रबरी सील झिजून पाणी बेअरिंगात शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोळ्या गंजतात. हे काम मोठं आहे, सगळं मशीन खोलावं लागतं, पण होतं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, त्याच नंबराचं घ्यायचं आणि सील हमखास नवं. काही मशीनची टाकी दोन भागांत उघडत नाही, कारखान्यातच चिकटवलेली असते. तसं असेल तर मात्र आधी खर्चाचा हिशेब कर.

बारीक आवाजांचं थोडक्यात सांगतो. फक्त पाणी सोडताना खडखड आली तर पंपाच्या जाळीत नाणं किंवा सेफ्टी पिन असणार. आधी पाणी काढून मग ती जाळी उघड, नाहीतर सगळं घरात. हळू फिरताना टिकटिक आली तर दाराच्या रबराच्या घडीत बोटं फिरवून बघ.

कपड्यांचं वहिनींना सांग. सोलापुरी चादर एकटी टाकायची नाही. भिजली की तिचा गोळा होतो आणि सगळं वजन एका बाजूला जातं. दोन-चार टॉवेल बरोबर टाकले की ओझं वाटलं जातं. पावसाळ्यात रेनकोट किंवा गादीचं पाणी न झिरपणारं कव्हर पिळायला तर कधीच लावू नये. त्याच्या खोळीत पाणी अडून राहतं आणि ऐन वेगात ते एकदम सुटलं तर मशीन उलटू शकतं.

मी या गोष्टीला एवढा का चिकटलोय, सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरल्यावर गावभागात, मारुती चौकाकडे रस्त्याच्या कडेला चिखलाने माखलेल्या मशीनांचे ढीग तू बघितले नाहीस. भिशीच्या पैशांतून, हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू त्या. आमच्या मावशीचं मशीन त्या ढिगात जाणार होतं. कुपवाडच्या एका कारखान्यात काम केलेल्या मेस्त्रींनी ते चालू करायला साफ मनाई केली, सुट्टं करून स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, नीट वाळवलं, बेअरिंग आणि सर्किटचा बोर्ड नवा घातला. मी त्यांच्या शेजारी बसून नट खोलायचे पाने हातात देत होतो. वर जे लिहिलंय ते सगळं त्यांच्याकडून शिकलेलं आहे. मावशी आजही त्याच मशीनमध्ये कपडे धुते. तिच्या गाळाने भरलेल्या मशीनचं एवढं झालं, तर तुझं नुसतं घाट उतरून आलंय.

तर रविवारी सकाळी एवढंच कर: मागे बोल्ट आहेत का बघ, असले तर काढ, पाय नीट कर, आणि रिकामं मशीन पिळायला लाव. रिकामं शांत चाललं तर दोष बहुधा कपडे टाकण्यात. रिकामंही नाचलं तर टाकी दाबून आणि ड्रम उचलून काय दिसलं ते मला फोनवर सांग. शॉक ॲब्सॉर्बरच निघाले तर मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठव. मी इथून घेऊन पुढच्या रविवारी येतो, दोघं मिळून बसवू.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझाच,
सांगलीकर