सोया मेणाच्या पिशवीवर द्रवणांक छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात घरगुती सुगंधी मेणबत्त्यांवर लेख आला होता. दिवाळीच्या तोंडावर चार पैसे मिळवू पाहणाऱ्या महिलांना तो उपयोगी पडेल यात शंका नाही आणि तो छापल्याबद्दल आपले आभार. मात्र सोया मेण कोणतेही आणले तरी ते काचेच्या ग्लासासाठी, साच्यातल्या मेणबत्तीसाठी आणि सुगंधी वड्यांसाठी सारखेच चालते, अशा आशयाचे जे विधान त्यात आहे, त्यावर विसंबणाऱ्या वाचकांचे मेण, सुगंधी तेल आणि श्रम वाया जाण्याची शक्यता आहे. आमचे गेल्या वर्षी गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे धातूच्या ओतकामासाठी नमुने (पॅटर्न) बनवणारा, म्हणून निवृत्त झालो. सूनबाई घरी मेणबत्त्या करतात आणि साच्यांचे काम आपसूक माझ्याकडे आले आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांना एका मुंजीसाठी साठ व्होटिव्हची मागणी आली. व्होटिव्ह म्हणजे जेमतेम दोन इंच उंचीची, खाली किंचित निमुळती मेणबत्ती. ती साच्यात ओततात, थंड झाल्यावर बाहेर काढतात आणि मग तिला घट्ट बसेल अशा छोट्या काचेच्या ग्लासात ठेवून पेटवतात. उद्यमनगरातून मी ॲल्युमिनियमचे बारा साचे लेथवर वळवून घेतले होते, आतून पॉलिश केलेले, व्यवस्थित टेपर (निमुळता उतार) दिलेले. मेण एका विक्रेत्याकडून आणले होते. पिशवीवर फक्त ‘सोया वॅक्स’ एवढेच लिहिलेले. ओतलेले मेण साच्यातून सुटेना. साचे फ्रीजमध्ये ठेवले तेव्हा निम्म्या मेणबत्त्या सुटल्या, पण त्यांच्या अंगावर केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. उरलेल्या गरम पाण्यात साचा बुडवून काढल्या. मुंजीच्या दिवशी स्कूटरच्या डिकीतून अर्ध्या तासाचा प्रवास झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच वाकल्या होत्या आणि वाती एका बाजूला कलल्या होत्या. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरचा पारा ३७-३८ अंशांवर जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बंद डिकीत तो कुठवर जात असेल, याचा विचार आम्ही केला नव्हता.

चूक साच्याची नव्हती, मेणाच्या निवडीची होती. सोयाबीनचे तेल मुळात पातळ असते. निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्यात दाबाखाली हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होते. वनस्पती तूप ज्या वाटेने तयार होते तीच ही वाट, फक्त आणखी पुढे नेलेली. (आपल्या शेतातल्या सोयाबीनपासून घरच्या घरी मेण करता येईल का, असे शेजारच्या काकूंनी विचारले होते. येणार नाही.) हे घट्ट करणे किती पुढे न्यायचे आणि त्यात आणखी काय मिसळायचे, यावर मेणाचा द्रवणांक ठरतो. बाजारात ‘कंटेनर’ म्हणून मिळणारे सोया मेण साधारण ४६ ते ५० अंशांना वितळते. ते मऊ असते, थंड होताना फार आकसत नाही आणि काचेला चिकटून राहते. ग्लासात ओतून ग्लासातच जाळायच्या मेणबत्तीला हाच गुण हवा असतो. ‘पिलर’ (ग्लासाशिवाय उभी राहणारी मेणबत्ती) किंवा ‘व्होटिव्ह’ म्हणून मिळणारे मेण साधारण ५४ ते ६० अंशांना वितळते, कडक असते आणि थंड होताना आकसून साच्याची भिंत सोडते.

हे आकसणे आमच्या धंद्यात अंगवळणी पडलेले असते. करड्या बिडाच्या ओतासाठी पॅटर्न करताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर जास्त धरावे लागतात, कारण ओत थंड होताना तेवढा लहान होतो. फौंड्रीत आकसणे हिशेबात धरायचे, मेणबत्तीच्या साच्यात मात्र त्याची वाट पाहायची, कारण ते झाले नाही तर मेणबत्ती सुटतच नाही. वातीभोवती पडणारा खड्डाही आमच्या ओळखीचा आहे. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागून आकसतो आणि त्याला भरून काढायला वरून धातू मिळाला नाही की पोकळी राहते. फौंड्रीत त्यासाठी रायझर, म्हणजे वितळलेल्या धातूचा जादा साठा, ठेवतात. घरी थोडे मेण राखून ठेवायचे आणि पहिला ओत पुरता गार होण्याआधी दुसऱ्यांदा वरून भरायचे, एवढे पुरते. साचा अगदी गार असला तर मेणबत्तीवर आडव्या रेघा उठतात, त्यासाठी ओतण्याआधी साचे हाताला कोमट लागतील इतके तापवावेत.

आता मिश्रणाचे. नुसते कडक मेण वापरले तर मेणबत्ती छान सुटते, पण तिच्यात चिरा पडण्याचा धोका असतो आणि सुगंधही दबतो. नुसते मऊ मेण वापरले तर आमची मुंज होते. म्हणून दोन्ही एकत्र करावी लागतात. बऱ्याच फसलेल्या प्रयोगांनंतर आमच्याकडे व्होटिव्हसाठी कडक मेण ७० भाग आणि मऊ मेण ३० भाग हे प्रमाण स्थिरावले आहे; उन्हाळ्यात मऊ मेण २० भागांवर आणतो. मिश्रणाचा द्रवणांक दोहोंच्या सरळ सरासरीवर येत नाही, मधे कुठेतरी येतो, शिवाय सुगंधी तेल घातल्यावर मेण आणखी मऊ होते, हे ध्यानात ठेवावे. वितळवताना थेट आचेवर भांडे ठेवू नये. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात स्टीलचा डबा उभा करावा. मापे कपाने न घेता वजनाने घ्यावीत.

टार्ट, म्हणजे बिनवातीच्या सुगंधी वड्या, यांचे गणित वेगळे आहे. त्या पेटवत नाहीत, विजेच्या किंवा पणतीच्या छोट्या तव्यावर ठेवून वितळवतात. तिथे मेण लवकर वितळले तर सुगंध लवकर सुटतो, त्यामुळे वडीला मऊ मेण जास्त चालते. अट एवढीच की ती साच्यातून अंगठ्याने दाबल्यावर सुटावी आणि पाकिटात चिकटू नये. आम्ही वड्यांना दोन्ही मेणे निम्मी-निम्मी घेतो. सुगंधी तेल व्होटिव्हला वजनाच्या ६ टक्के, म्हणजे अर्धा किलो मेणाला ३० ग्रॅम, आणि वडीला ८ टक्के घालतो. ते मिसळल्यावर दोन मिनिटे हळूहळू ढवळावे लागते. मेण धरू शकते त्याहून जास्त तेल घालून सुगंध वाढेल ही समजूत चुकीची आहे, कारण मेणात न मावलेले तेल वर घामासारखे येते. खाद्यपदार्थांचे इसेन्स तर मुळीच घालू नयेत. त्यांतले बहुतेक पाण्यात मिसळणारे असतात, मेणाशी त्यांचे जमत नाही. व्हॅनिलाच्या सुगंधाने पांढरे मेण काही दिवसांत तपकिरी होते, याचीही गिऱ्हाइकाला आधीच कल्पना द्यावी. ओतल्यानंतर आठवडा-दोन आठवडे थांबून मगच विकावे, तोवर सुगंध मेणात मुरत नाही.

राजारामपुरीतल्या एका गिऱ्हाईक बाईंनी डिसेंबरात मेणबत्त्या परत आणल्या होत्या, त्यांवर बुरशी आली आहे म्हणून. ती बुरशी नव्हती. सोया मेणावर पांढरी फुलावळ येते, कारण त्यातली स्निग्धे हळूहळू मोठ्या स्फटिकांत बसतात. साजूक तूप सावकाश गार झाले की रवाळ होते, त्यातलाच हा प्रकार. सूनबाईंनी फडताळातून तुपाची बरणी काढून त्यांच्या हातात दिली आणि मेणबत्ती शेजारी ठेवली, तेव्हा त्यांची समजूत पटली. रंगीत मेणबत्तीवर ही फुलावळ जास्त दिसते. आम्ही रंग घालणेच सोडले आहे.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली. व्होटिव्ह पेटल्यावर पूर्ण वितळते, म्हणून ती घट्ट बसणाऱ्या ग्लासातच जाळायला हवी. आपल्याकडे ती सर्रास ताटलीत किंवा पसरट वाटीत ठेवतात. मग मेण पसरते, वात आडवी होते आणि दोष मेणबत्तीला लागतो. सोया मेणाला धूर होतच नाही असा एक समज आहे, तोही खरा नाही. वात लांब ठेवली की कोणतेही मेण काजळी धरते. पेटवण्यापूर्वी ती सुमारे ६ मिलिमीटर उरेल इतकी कापावी.

मूळ मुद्दा पिशवीचा आहे. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे आवेष्टित मालावर उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन आणि किंमत द्यावी लागते. त्या चौकटीत ‘सोया वॅक्स’ एवढे लिहिले तरी वस्तूचे नाव दिले असेच होते. पण ते मेण कंटेनरचे की साच्याचे, किती अंशांना वितळणारे, निव्वळ सोयाचे की पाम किंवा पॅराफिन मिसळलेले, हे घेणाऱ्या बाईला कळण्याचा मार्ग नसतो, आणि नुकसान तिचे होते. पोत्यातून काढून लहान पिशव्यांत मेण भरणाऱ्या व्यापाऱ्यांनी या दोन ओळी, द्रवणांक आणि घटक, आपणहून छापाव्यात अशी माझी विनंती आहे. बचत गटांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनीही मेण देताना ही माहिती सोबत द्यावी.

तोपर्यंत घरी करता येण्याजोगी एक परीक्षा सांगतो. वाटीभर मेण पूर्ण वितळवून आचेवरून उतरवावे, ते गार होत असताना त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर धरावा आणि दर मिनिटाला आकडा लिहावा. पारा सरसर उतरत येतो, मग मेण धूसर होऊ लागते आणि आकडा एका ठिकाणी रेंगाळतो. मेणाचा गोठणबिंदू त्याच सुमारास असतो. द्रवणांक त्याच्या थोडा वर धरावा. वीस मिनिटांचे काम आहे. आमच्या माळ्यावर आता सहा पिशव्या आहेत आणि प्रत्येकीवर सूनबाईंच्या हातचे मार्करने लिहिलेले आहे: ‘४८, ग्लास’, ‘५७, साचा’. एकीवर नुसतेच प्रश्नचिन्ह आहे, कारण त्या मेणाचा आकडा कुठेच रेंगाळला नाही.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
कोल्हापूर