ओलांड्यावरच्या शोधाला मोल द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

द्राक्ष निर्यातीवरच्या आपल्या लेखात परदेशी पेटंट जातींचं कौतुक वाचलं. त्या जातींना माझा विरोध नाही. पण संशोधन म्हणजे बाहेरून येणारी वस्तू, हा लेखाचा सूर खटकला.

द्राक्षाच्या आपल्या जातीच घ्या. तास-ए-गणेश तासगाव तालुक्यातली, सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजची. दोन्ही थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या जातीतून निवडलेल्या आणि निवडणारे शेतकरीच. होतं असं की अख्ख्या बागेत एखाद्या वेलीचा एखादाच ओलांडा, म्हणजे तारेवर आडवी नेलेली फांदी, वेगळे घड देतो. मणी लांबट, रंग निराळा. बहुतेक ठिकाणी ते घड बाकीच्यांबरोबर क्रेटमध्ये जातात. नजर असलेला माणूस मात्र ओलांड्याला चिंधी बांधतो, छाटणीला तिथल्या काड्या बाजूला काढतो, कलमं भरतो आणि गुण टिकतो का, हे पाहण्यात काही हंगाम घालवतो.

पुढे मागेल त्याला काड्या मिळत गेल्या. काडी दिली म्हणून देणाऱ्याची बाग घटत नाही. ज्ञान वाटल्यानं संपत नाही, यावर अर्थशास्त्राची मांडणी करणाऱ्या पॉल रोमर यांना २०१८ साली नोबेल मिळालं. आमच्याकडे ते बांधावर आधीच ठाऊक होतं, एवढी फुशारकी चालवून घ्या. जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे ते किती पीपीएमला, डॉगरिज खुंटावर (ज्यावर द्राक्षाचं कलम करतात त्या मुळाच्या झाडावर) पाणी कधी तोडायचं, हेही बागायतदार संघाच्या चर्चासत्रांत नाहीतर एकमेकांच्या मांडवाखालीच कळलं. जे वेळेवर कळलं नाही, त्याची किंमत २०१० साली मोजली. सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश द्राक्षांत मर्यादेबाहेर निघाले आणि युरोपात आपला माल अडकला.

फुकट वाटपातून द्राक्षपट्टा उभा राहिला खरा, पण ज्याने ओलांडा ओळखला त्याला त्या उलाढालीतला वाटा कुणी दिला? परदेशी जातीची रॉयल्टी आपण बिनतक्रार भरतो. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ पासून आहे, शेतकऱ्याला आपला वाण नोंदवता येतो. पण वाण वेगळा आहे हे सिद्ध करण्याचा खटाटोप एकट्याच्या आवाक्यातला नाही. तो पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आणि कृषी विद्यापीठांनी अंगावर घ्यावा. काढणीआधी, घड वेलीवर असतानाच, त्यांची माणसं बागांतून फिरावीत. निवड पक्की ठरली की सरकारने शेतकऱ्याला एकरकमी मोबदला द्यावा आणि काड्या पूर्वीसारख्या सगळ्यांना खुल्या ठेवाव्यात.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली