पिशवी उलटी करायला लावणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पुण्यातल्या एका हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मॅडम आणि चिपळूणची आजी, एवढ्यावरून तुम्ही ओळखालच. पत्र जाहीर लिहायचं कारण इतकंच की, आईच्या औषधांच्या पिशवीसारखी पिशवी घरोघरी आहे.

आईच्या रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर गेलं होतं. ८.५ ते १०.५ असायला हवं. त्याआधी कितीतरी आठवडे बद्धकोष्ठ, सतत तहान, रात्री लघवीला उठणं, तोंडाला चव नाही, बोलता बोलता विसरणं चालू होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण 'वय झालं' म्हणायचा आणि जाताना एखादं टॉनिक सुचवून जायचा. अशक्तपणा वाढला की टॉनिकही वाढायचं.

तुम्ही आलात तेव्हा सलाईन चालू होतं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, जे रक्तातलं कॅल्शियम वाढवतं, ते वाढलेलं नव्हतं, उलट पार खाली गेलं होतं, म्हणजे ग्रंथीचा दोष नव्हता. कॅन्सरची शंका फेडण्यासाठी पुढच्या तपासण्या लिहून झाल्या होत्या आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. तुमचं काम खरं तर डाएट चार्ट देऊन जाण्याचं. तुम्ही मात्र खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "आजी, ती औषधांची पिशवी इथे चादरीवर उलटी करा. डॉक्टरांनी दिलेलं, न दिलेलं, सगळं."

काय काय निघालं! कॅल्शियमच्या गोळ्या, त्यातही व्हिटॅमिन डी३. मल्टिव्हिटॅमिन. गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेली पावडर. पित्तावर घ्यायची शंखभस्माची पुडी. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या गावी नव्हतं. बीपीच्या गोळीतही थायझाइड नावाचं औषध होतं, जे लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवून ठेवतं. आणि व्हिटॅमिन डीची ती छोटी पाकिटं, ६०,००० युनिटची.

"हे कधी घेता?"

"रोज सकाळी दुधातून."

आठवड्यातून एकदा घ्यायचं पाकीट ती अडीच-तीन महिने रोज घेत होती. चिठ्ठीवरची सूचना इंग्रजीत, आणि आई वाचते मराठी. तुम्ही आवाज चढवला नाही, तिला बोल लावला नाही. कागदावर फक्त दोन आकडे लिहून मला दाखवलेत: मोठ्या माणसानं स्वतःच्या मनानं दिवसाला जास्तीत जास्त ४,००० युनिट, आणि ही घेत होती त्याच्या पंधरापट. मग आईला आणखी एक प्रश्न विचारलात, जो मला कधीच सुचला नसता. "चुना खाता का?" पान ती खात नाही. पण ताकातून गव्हाच्या दाण्याएवढा चुना घेत होती, हाडांसाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.

तुम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावलात. व्हिटॅमिन डीची पातळी तपासली ती १५० च्या वर, म्हणजे फारच जास्त निघाली, आणि पुढचा सगळा रस्ता बदलला. पिशवी बंद, बीपीची गोळी बदलली, पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी हृदय आणि किडनी बघून ठरवून दिलं.

आहाराबद्दल तुम्ही बोललात ते मला सगळ्यांत पटलं, कारण तुम्ही आपल्याच विषयाचा डांगोरा पिटला नाही. "जेवणानं कॅल्शियम इतकं चढत नाही आणि नुसत्या जेवणानं ते उतरणारही नाही. आपण फक्त भर घालायचं थांबवायचं," असं म्हणालात. आई कोकणातली. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, वर तिळकूट. तिन्ही कॅल्शियमची कोठारं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तिळात हजाराच्या वर. तेवढ्यापुरती तांदळाची भाकरी, दुधी, पडवळ, मूगडाळ, चहापुरतं दूध. दूध साफ तोडायला मी तयार होते, तुम्हीच अडवलंत. जेवणातलं कॅल्शियम फार कमी केलं तर भाज्यांमधलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य जास्त शोषलं जातं आणि मुतखड्यांची भीती वाढते, हे तेव्हा कळलं. चार्ट मराठीत लिहिलात, मोठ्या अक्षरात. तो अजून फ्रिजवर आहे.

व्हिटॅमिन डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे गोळ्या थांबल्या तरी महिनोन्‌महिने रक्तात उतरत राहील, हेही आधीच सांगितलंत. म्हणून घरी गेल्यावर कॅल्शियम पुन्हा जरासं वर आलं तेव्हा आम्ही घाबरलो नाही, फोन करून तपासणी अलीकडे घेतली.

आमच्या शेजारच्या मावशींचंही कॅल्शियम वाढलेलं. त्यांनी आईचा चार्ट मागितला, मी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही चक्क नाही म्हणालात. त्यांचं दुखणं पॅराथायरॉइडच्या गाठीचं, त्यात दूध-दही तोडलं तर ते हार्मोन आणखी चढू शकतं; त्यांनी सर्जनला भेटावं. मावशी थोड्या फुरंगटल्या होत्या, पण गेल्या सर्जनकडे.

आईचं कॅल्शियम आता ९.८ आहे. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही जागेवर आलं. ती पुन्हा शब्दकोडं सोडवते, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, म्हणजे तोंडाला चव आली आहे. हॉस्पिटलच्या बिलात तुमच्या नावापुढे एका भेटीची फी होती. तुम्ही त्या दुपारी किती वेळ बसलात ते मी पाहिलं आहे. मनापासून आभार.

पुढच्या तपासणीला आईच येणार आहे, माझ्याकडे निरोप द्यायला ती तयार नाही. नाचणीची भाकरी आठवड्यातून किती वेळा चालेल, ते तिला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

आपली,
चिपळूणच्या आजींची मुलगी