काळा घोड्यात देवनागरी कुठे?

महोदय,
दक्षिण मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो. त्या दिवसांत तिथल्या ‘रॅम्पार्ट रो’ या रस्त्यावरच्या गाड्या बंद होऊन तो चालणाऱ्यांना मिळतो, हेच निम्मं सुख! पुरुषभर उंचीच्या मांडणशिल्पांपुढे सेल्फीची झुंबड उडते. मात्र शेजारचे माहितीफलक बहुतेक इंग्रजीत, तेही गुडघ्याच्या उंचीवर, बारीक टाइपात. वाकून वाचेपर्यंत मागचा ढकलतो. वाचताच येत नसेल, तर ते डिझाइन कसलं? उपयोजित कला शिकवणारी जे. जे. संस्था याच दक्षिण मुंबईत आहे. तिथल्या मुलांकडून ठळक देवनागरी फलक करून घ्यावेत आणि ते डोळ्यांच्या पातळीवर लावावेत. फार खर्चाचं काम नाही.

– एक वाचक, गिरगाव