पहिल्या डोसाआधी रक्त घ्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल तेव्हा तापाचा हंगाम सरलेला असेल, म्हणून भर पावसाळ्यातच लिहितो आहे. मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला तंत्रज्ञ आहे. तापाच्या रुग्णाचं रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी तपासणीसाठी घेतलं जावं, एवढंच मागणं आहे.

2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफस या तापाने माणसं दगावली. झाडाझुडपांत, गवतात राहणाऱ्या बारीक माइटची अळी चावते आणि जिवाणू अंगात शिरतो. डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध त्यावर चालतं, पण आधी संशय तर यायला हवा! चाव्याच्या जागची काळी खपली प्रत्येकाच्या अंगावर सापडत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एलायझाही (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा जंतूचा डीएनए शोधणारा पीसीआर लागतो. हा जिवाणू पेशींच्या आत वाढतो, त्यामुळे नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तो दिसतच नाही. कुठल्या दिवशी कुठली तपासणी करायची हे सांगणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हवा, तो यासाठी.

काटोल, रामटेक, भिवापूरकडचा रुग्ण नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत पोचेपर्यंत बरेचदा अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. मग टायफॉईडसारखे जे जंतू एरवी कल्चरमध्ये सापडतात, तेही बाटलीत वाढण्याची शक्यता घटते. नातेवाइकांच्या हातात असतो विडाल या टायफॉईडच्या रक्ततपासणीचा कागद. एकट्या विडालवर टायफॉईड ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज. जुना संसर्ग किंवा लस, दोन्हींमुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

नवी इमारत नको. भूमिपूजनं पुष्कळ झाली. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ब्लड कल्चरच्या बाटल्या असू द्या. मोठ्या माणसाचं एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त लागतं, तेही कातडी नीट निर्जंतुक करून आणि पहिल्या डोसाआधी, हे तिथल्या सिस्टरांना शिकवा. नमुने न्यायला रोज गाडी हवी. आणि हो, या बाटल्या लशींसारख्या बर्फात ठेवायच्या नसतात, एवढं गाडीवाल्याला सांगितलं तरी पुष्कळ नमुने वाचतील. ग्राम स्टेनचा (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा) निकाल कागदाची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरला फोनवर कळावा.

शिवाय कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देतो, याचा जिल्ह्याचा तक्ता दरवर्षी प्रत्येक दवाखान्यात पोचवा, खासगीसुद्धा. पहिली चिठ्ठी बहुतेक वेळा तिथेच लिहिली जाते.

आपला,
एक नागपूरकर तंत्रज्ञ