घाटमाथा इथेही आहे

क्राइस्टचर्च,
ऑगस्ट

प्रिय गड्या,

तुझा मेल काल रात्री वाचला आणि सकाळी नकाशा समोर पसरून पुन्हा वाचला. बारा दिवस मोटरसायकलवर, न्यूझीलंडची दोन्ही बेटं, ऑकलंडला उतरायचं, खाली पार मिलफर्ड साउंडची खाडी गाठायची आणि परत. रोजचे साडेतीनशे-चारशे किलोमीटर. पुणे-बंगळूर हायवेवर तू एवढं आरामात मारतोस, मला माहीत आहे. पण इथे तसं करू नकोस. कळवळून सांगतोय.

मी इथे आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात दक्षिण बेटाचा सगळा वेढा चार दिवसांत पुरा केला होता. नवी गाडी, रिकामे रस्ते, हात शिवशिवत होते. आज त्यातलं काय आठवतं विचारशील तर पेट्रोल पंप आणि पुढच्या मुक्कामाची घाई. वानाकाचं तळं मी उजव्या बाजूला तासभर ठेवून गेलो आणि एकदाही थांबलो नाही. तुझ्याबरोबर हे होऊ नये, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

माझं म्हणणं असं, की उत्तर बेट यावेळी सोडून दे. फक्त दक्षिण बेट, इथूनच सुरू आणि इथेच संपवायचं. रस्ता निवडताना फोटोतल्या जागा मोजायच्या नाहीत, डोंगर कुठून ओलांडायचा ते आधी ठरवायचं. तुला आठवतो आपला कुंभार्ली? जुलैचा महिना, तुझ्या वडिलांची राजदूत मोटरसायकल. कऱ्हाडला चक्क ऊन होतं, पाटणला भुरभुर, कोयनानगरला झोडपून काढलं आणि घाटमाथ्यावर आलो तर खाली कोकण दिसेचना, सगळं पांढरं. तू गाडी बंद केलीस आणि आपण नुसते पाण्याचा आवाज ऐकत उभे राहिलो. तोच घाट इथे आहे. खरंच सांगतो, तोच.

सदर्न आल्प्स ही डोंगररांग बेटाच्या पश्चिम अंगाने उभी पसरली आहे, आपल्या सह्याद्रीसारखी. समुद्रावरून येणारं पश्चिमेचं वारं तिला थडकतं, वर चढतं आणि सगळं पाणी तिकडेच ओतून मोकळं होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या होकिटिकाला वर्षाला जवळपास ३,००० मिलिमीटर पाऊस, मिलफर्डला तर ६,००० च्याही वर, आणि इकडे आमच्या क्राइस्टचर्चला ६०० च्या आसपास. अजून आत, अलेक्झांड्राकडे गेलास की ३५० वर येतो. म्हणजे महाबळेश्वर ते दहिवडी, एका जिल्ह्यात जे होतं तेच. फरक एवढाच, की इथे वारं बारा महिने पश्चिमेचं, म्हणून पावसाला मोसम असा नाही. तू फेब्रुवारीत येतोयस, तेव्हा हवा त्यातल्या त्यात स्थिर असते. तरी रेनकोट चांगला आण, आणि पाऊस लागला तर खट्टू होऊ नकोस. तो बघायलाच तर आपण चाललोय.

म्हणून पहिल्याच दिवशी आर्थर्स पास, म्हणजे हा डोंगर ओलांडणारी खिंड. आधी पोर्टर्स पास चढायचा, तो आर्थर्सपेक्षाही थोडा उंच आहे. मग कासल हिलचे चुनखडीचे प्रचंड धोंडे, पिवळं गवत, कोरडं आकाश. वायमाकारिरी नदीचं पात्र गोट्यांनी भरलेलं, पाणी त्यात वेण्या घातल्यासारखं वाहतं. इकडून चढण सौम्य आहे, देशावरून घाटमाथ्याकडे जाताना असते तशी. ९२० मीटरवर माथा येतो आणि मग रस्ता एकदम ओटिराच्या दरीत कोसळतो. पूर्वी तिथे दरडींमधून नागमोडी रस्ता होता. १९९९ साली ४४० मीटरचा पूल दरीवर टाकला. पुलाच्या अलीकडे वर एक थांबा आहे, तिथे उभं राहून पूल बघायचा. तिथेच किआ नावाचे डोंगरी पोपट भेटतील. देखणे आहेत, पण गाडी सोडून लांब जायचं नाही, रबर आणि सीट चोचीने फाडतात. १८६४ मध्ये आर्थर डॉब्सन नावाच्या सर्व्हेअरने ही खिंड मोजली म्हणून त्याचं नाव लागलं. पण इथले मूळचे माओरी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून हिरव्या पाउनामू दगडासाठी या खिंडी ओलांडत होते. मला दरवेळी नाणेघाट आठवतो.

हा डोंगर कोरड्या बाजूकडूनच ओलांडायचा, हा माझा हट्ट आहे. माथ्याच्या पलीकडे उतरताना दहा मिनिटांत नेचे, शेवाळ आणि ओल्या जंगलाचा वास येतो. उलट दिशेने आलं की हा धक्का बसत नाही.

पुढे होकिटिका, मग हिमनद्यांजवळची फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स ही गावं, असं खाली यायचं. फॉक्सला दोन रात्री. एक सकाळ लेक मॅथेसनसाठी ठेवायची, उजाडायच्या आत, वारा सुटण्याआधी. पाणी काळसर आहे, त्यात आओराकी, म्हणजे माउंट कुक, उलटा दिसतो. ३,७२४ मीटरचा डोंगर आणि समुद्र तिथून चाळीस किलोमीटरच्याही आत! ढग असतील तर काही दिसणार नाही. म्हणून तर दोन रात्री म्हणतोय.

फॉक्सला टाकी काठोकाठ भरायची. हास्टपर्यंत सव्वाशे किलोमीटर मध्ये पंप नाही. हा रस्ता १९६५ मध्ये पुरा झाला; तोवर फॉक्सहून दक्षिणेला हास्टपर्यंत सलग गाडीची वाट नव्हती. नाइट्स पॉइंटला थांबू, सर्व्हेअरच्या कुत्र्याच्या नावाची जागा आहे ती. हास्ट नदीवरचा पूल एकपदरी आहे, ७३७ मीटर. अशा पुलांवर पाटीवरचा लाल बाण कुणाच्या जाण्याच्या दिशेचा ते बघायचं. आपल्या दिशेचा असेल तर आपण थांबायचं. वळणापाशी पिवळ्या पाटीवर २५, ३५ असे आकडे असतात, ते मनापासून मानायचे. कायद्याने १०० ची मुभा आहे म्हणून वळणावर १०० ने जाता येत नाही. बाकी गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, त्यामुळे तुला सवय लावायला लागणार नाही.

हास्ट खिंडीतून पुन्हा कोरड्या बाजूला येऊ. वानाका, क्राउन रेंजचा डोंगरी रस्ता, क्वीन्सटाउन. क्वीन्सटाउन मला गर्दीचं वाटतं, एक रात्र पुरे. मिलफर्डचं तुला फार मनात आहे, कळतंय. पण तिथून जाऊन यायचं म्हणजे जवळपास सहाशे किलोमीटर, आणि त्यासाठी फॉक्सची रात्र नाहीतर पुढे पुकाकी तळ्याजवळच्या ट्वायझेलची रात्र सोडावी लागेल. मी सोडणार नाही. लिंडिस पासचं सोनेरी गवत पौषातल्या चाळकेवाडीच्या पठारासारखं दिसतं, आणि त्यानंतर पुकाकी तळ्याच्या कडेचा तो ५५ किलोमीटरचा फाटा. हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे पाणी दुधाळ निळं होतं, आणि पूर्ण रस्ताभर आओराकी समोर. पश्चिमेकडून ढगांत शोधलेला डोंगर आता पूर्वेकडून उघडा. दोन्हीकडून बघितल्याशिवाय तो बघितला असं मला वाटत नाही.

शेवटी टेकापो, आकाश निरभ्र असेल तर रात्री तारे, आणि घर. सगळं मिळून तेराशे किलोमीटरच्या आसपास, नऊ-दहा दिवसांत. एका गोष्टीची भीती मात्र मला आहे, ती वाऱ्याची. पश्चिमेला पाऊस टाकून आलेलं वारं इकडे उतरताना तापतं, त्याला नॉर्वेस्टर म्हणतात. डोंगरांवर ढगाची कमान दिसली की समजायचं. एका दुपारी नदीच्या लांब पुलावर त्याने मला लेनबाहेर ढकललं होतं. तेव्हापासून ती कमान दिसली की मी निघतच नाही. तेव्हा एखादा दिवस निव्वळ बसून काढावा लागला तर कुरकुर करायची नाही.

लायसन्सवर गिअरच्या मोटरसायकलची नोंद आहे ना, बघ. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढ, ते वर्षभर चालतं. हेल्मेट तुझं स्वतःचंच आण, भाड्याचं नीट बसत नाही. वहिनींना सांग, मी रात्री गाडी चालवू देणार नाही. आणि आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी, जमली तर.

तिकीट मात्र क्राइस्टचर्चचंच काढ.

तुझाच,
राजदूतवरचा मागचा